आरशात न दिसण्याची जागा

अण्णांनी मला स्टुडिओतलं सगळं दिलं. कॅमेरे दिले, लाइट दिले, शटरच्या किल्ल्या दिल्या, पासपोर्टचा फोटो बघून 'ही मी नाहीच' म्हणून भांडणारी गिऱ्हाइकंसुद्धा दिली. आरसा तेवढा दिला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. मल्लेश्वरमला एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, फूलवाल्यांच्या रांगेपासून जवळच, आमचा छोटासा स्टुडिओ आहे. आमचे पूर्वज मराठी मुलखातून इकडे कानडी मुलखात कधी आले हे घरात कुणालाच धड माहीत नाही. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर आम्ही मल्लेश्वरम सांगतो आणि मोकळे होतो. घरात मराठीच बोलतो, पण पुण्याहून नव्याने आलेली माणसं आमचं मराठी ऐकून हसू दाबतात. दाबू देत बापडी. वर्षभरात त्यांचीच पोरं रिक्षावाल्याला 'स्वल्प थांबा' म्हणायला लागतात, तेव्हा मी हसते आणि दाबतसुद्धा नाही.

तर आरसा. इकडे मुलींना मोग्गिन जडे घालतात, म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या ओळीने शिवून केलेली लांबलचक वेणी. लहानपणी एकदा, मग लग्नात, मग डोहाळजेवणाला. कानडी लोकांची ही हौस आम्ही केव्हाच आपलीशी केली. आता एवढी कमरेखाली लोंबणारी फुलांची वेणी घालायची आणि फोटोत नुसता चेहराच येणार असेल तर उपयोग काय? म्हणून मुलीच्या पाठीमागे आरसा उभा करायचा. एकाच फोटोत पुढे चेहरा आणि मागे आरशात वेणी. आमचा आरसा माणसाहून उंच आहे, सागवानी चौकटीचा. एका बंद पडलेल्या साडीच्या दुकानातून अण्णांनी तरुणपणी तो हातगाडीवर घालून आणला. आणि वेणी करते माझी आई. आतल्या खोलीत बसून केळीच्या सोपटाची पट्टी कापते आणि सुईदोऱ्याने तिच्यावर कळी न् कळी बसवते. वेणी आईची, फोटो अण्णांचा, असं ते वर्षानुवर्षं चाललेलं.

या फोटोत एक मेख आहे. आरशात वेणी दिसते, तसा फोटो काढणाराही दिसतो. कॅमेरा, लाइट, सुटलेलं पोट, सगळं. म्हणून आरसा किंचित तिरका लावायचा, मुलीला किंचित वळवायचं आणि आपण अशा जागी उभं राहायचं की तिथून वेणी पूर्ण दिसेल, पण आपण दिसणार नाही. ती जागा अण्णांनी शोधून काढली आणि लाल कोब्यावर पिवळ्या रंगाने दोन पावलं रंगवून ठेवली. लहान असताना मी त्या पावलांवर उभी राहून आरशात डोकावायचे. खोली दिसायची, खुर्ची दिसायची, मीच दिसायचे नाही. मला त्याची भारी गंमत वाटायची.

'फोटो त्या पोरीचा. त्यात आपलं काय काम?' असं अण्णा म्हणायचे. आसपासच्या कितीतरी घरांत त्यांचे वेणीचे फोटो लागलेत आणि एकाही आरशात ते नाहीत, याचा त्यांना जो ताठा होता तो काही विचारू नका. वेणीचा फोटो ते दुसऱ्या कुणाला काढूच देत नसत. फुलं कोमेजली की संपलं, परत कोण घालणार, असं त्यांचं म्हणणं.

मला फोटोग्राफी हवी होती, अण्णांच्या हाताखाली राहणं नको होतं. म्हणून कॉलेज संपल्यावर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात, एका कंपनीत लागले. ऑनलाइन विकायच्या वस्तूंचे फोटो काढायचं काम. पांढऱ्या कागदावर चप्पल ठेवायची, डावीकडून काढायची, उजवीकडून काढायची, तळव्याचा काढायचा. मग कुकर. मग पुन्हा चप्पल. पुढे आयटी कंपन्यांतल्या लोकांचे फोटो काढायला लागले. हाताची घडी घाला, हसा, इतकं नको, थोडं कमी हसा. पगार चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण कुकर कधी परत येऊन 'छान आला हो फोटो' म्हणत नाही, आणि ती हाताची घडी घातलेली माणसंही कधी म्हणाली नाहीत. संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून घरी यायचे तेव्हा आई कुणाची तरी वेणी शिवत बसलेली असायची आणि समोर ती पोरगी गुडघ्यावर हनुवटी टेकून एकटक बघत असायची. त्या पोरीच्या तोंडाकडे बघत मी चपला न काढता दारातच उभी राहायचे.

मग अण्णांचे गुडघे गेले आणि मी नोकरी सोडून स्टुडिओत आले. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. मला मात्र इथे आल्यापासून झोप छान लागते. सकाळी शाळेच्या ओळखपत्राची पोरं येतात, नाकं पुसून त्यांचे फोटो काढते. शहराच्या हेब्बाळ भागात राहायला आलेली नागपूर-पुण्याची जोडपी तान्ह्या बाळाला घेऊन येतात, त्याच्या मानेखाली कुणाचा हात धरायचा यावरून भांडतात, आणि आई बाहेर येऊन आपलाच हात घालते. सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाते. त्यांना पेन्शनसाठी, बँकेसाठी फोटो लागतो आणि स्टुडिओपर्यंत येता येत नाही. कामाचा फोटो झाला की मी म्हणते, आता एक तुमच्यासाठी. तेव्हा आजीबाई सुनेला कपाट उघडायला लावतात आणि पलंगावर बसल्या बसल्या ठेवणीतली साडी खांद्यावर टाकून घेतात. त्या फोटोंचं मी काही घेत नाही. अण्णांना हे आवडायचं, पण तोंडाने म्हणतील तर शपथ.

उलट कुणी नवं गिऱ्हाईक आलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. 'मुलगी आहे. मला मदत करते.'

चाळिशी उलटलेल्या बाईची ही ओळख! मी आत जाऊन लाइटची वायर उगाच गुंडाळत बसायचे. बोलून दाखवलं नाही, पण मला ते लागायचं. त्यांनी एकदा आरशासमोर मला उभं करावं आणि 'काढ' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

अण्णांच्या हातात काठी आली आणि त्या पिवळ्या पावलांवर ताठ उभं राहणं त्यांना जमेना. ते जरासे रेलायला लागले. आधी आरशाच्या कडेला काठीचं टोक आलं. मग कोपर आलं. मग अर्धा खांदा. त्यांना डोळ्यांनीही कमी दिसत होतं, त्यामुळे कॅमेऱ्यात बघताना काहीच कळत नव्हतं. मी मात्र संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून काठी पुसायची, कोपर पुसायचं, खांदा पुसायचा आणि सकाळी स्वच्छ प्रिंट त्यांच्या हातात द्यायचे. 'बघ, आहे का कुठे मी?' असं म्हणून ते प्रिंट आईला दाखवायचे. आई माझ्याकडे बघायची, मी छताकडे.

दर वेळी थोडे जास्त अण्णा पुसावे लागत होते. माझ्याच बापाला मी रोज थोडं थोडं पुसतेय, असं वाटून कधी कधी रडू यायचं. पण सांगणार कसं? त्यांच्याकडे तेवढं एकच उरलं होतं.

अशात एक नागपूरची मुलगी आली. आयटीतली, हेब्बाळला राहणारी, सातवा महिना लागलेली. मोबाइलवर मला लांब गाऊन घातलेल्या बायकांचे फोटो दाखवत होती, 'मॅम, असं काहीतरी मॅटर्निटी शूट हवंय' म्हणत होती. बोलता बोलता तिची नजर शोकेसमधल्या वेणीच्या फोटोवर गेली आणि ती मोबाइल विसरली. 'हे काय आहे? मला हेच हवं,' म्हणाली. मग हळूच म्हणाली, 'आमचं डोहाळजेवण काही होणार नाही. बाबांचं ऑपरेशन झालंय, आई येऊ शकत नाहीये.'

आई आतून ऐकत होतीच. ती सुई हातात धरूनच बाहेर आली. 'न व्हायला काय झालं? इथे करू. तू हिरवी साडी घेऊन ये, बाकीचं आमच्याकडे लागलं.'

ठरलेल्या दिवशी स्टुडिओ बायकांनी भरून गेला. शेजारची कानडी अक्का लिंबाच्या भाताचं, म्हणजे चित्रान्नाचं, पातेलं घेऊन आली, कुणी बर्फी-पेढ्याच्या वाट्या झाकून आणल्या, कुणी ओटीचं सामान. फूलवाल्या अक्काने कळ्या निवडून बाजूला काढून ठेवल्या होत्या. मुलीच्या आईला नागपुरात बसून सगळं दिसावं म्हणून मी कॅमेरा मोठ्या टीव्हीला जोडला आणि टीव्हीसमोर मोबाइल ठेवून व्हिडिओ कॉलवर त्यांना बसवलं, म्हणजे फोटो निघाला की लगेच त्यांच्याही डोळ्यांपुढे. माझी मीच पाठ थोपटून घेतली. पण फोटो पुसायच्या आधीच सगळ्यांना दिसणार, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

वेणी घालून झाली. मुलगी आरशापुढे उभी राहिली. इतकी गोड दिसत होती की तिचा नवरा मोबाइल काढायचाच विसरला. अण्णा काठी टेकत पावलांपाशी गेले, रेलले आणि त्यांनी बटण दाबलं.

टीव्हीवर फोटो आला. पुढे मुलीचा हसरा चेहरा, मागे आरशात पांढरीशुभ्र वेणी आणि वेणीच्या शेजारी अख्खे अण्णा. काठीसकट, बटण तुटलेल्या स्वेटरसकट, तोंड जरासं उघडं.

मोबाइलमधून नागपूरच्या काकूंचा आवाज आला, 'काय गं, मागे ते आजोबा कोण आहेत?'

मी घाईघाईने बोलून गेले, 'काळजी करू नका काकू, मी नेहमीसारखं पुसून टाकते.'

जीभ चावली, पण उशीर झाला होता. अण्णा टीव्हीच्या अगदी जवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी स्वतःला नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

'नेहमीसारखं?'

तेवढ्यात काकूच बोलल्या, 'काऊन पुसता हो? राहू द्या ना. आमच्याकडचं एकही मोठं माणूस नाही तिथे. पोरीच्या पाठीशी कुणीतरी दिसतंय, बरं वाटलं मला.'

अण्णांनी गळ्यातला कॅमेरा काढला. मला वाटलं आता खाली ठेवतील आणि निघून जातील. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. 'फुलं कोमेजतायत. पोरगी किती वेळ उभी राहील? काढ तू.' एवढं बोलून खुर्चीत जाऊन बसले.

मी त्या पावलांवर उभी राहिले. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं मिळालं. फोटो काढला. वेणी पूर्ण आली, आरशात कुणी नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, ओटी भरली, गाणी म्हटली, मुलगी रडली, हसली, बर्फीची वाटी उघडून 'मुलगी, मुलगी' असा गलका झाला. काकूंनी दोन्ही फोटो मागून घेतले आणि दिवाणखान्यात अण्णांचाच लावणार म्हणून बजावलं. अण्णा खुर्चीत बसून पेढा खात होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते स्टुडिओत येईनात. गुडघा दुखतोय म्हणाले.

'गुडघ्याचं नाक कधीपासून फुगायला लागलं?' आईने विचारलं.

त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. मलाही राग आला होता. मी काय करायला हवं होतं? लोकांच्या लग्नाच्या फोटोत काठी ठेवायची होती? की पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचं होतं, अण्णा, आता तुम्हाला जमत नाही? मनात रोज त्यांच्याशी भांडायचे आणि जेवायला बसलं की मुकाट्याने त्यांना भात वाढायचे. घरात तिघं माणसं, पण भांड्यांचाच आवाज.

त्यांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा समारंभ. नातेवाईक हॉल घ्यायला निघाले होते, कुणी सत्काराचं भाषण लिहायला घेतलं होतं. एका सकाळी कॉफी पिता पिता अण्णा म्हणाले, 'हॉल नको न् भाषण नको. हिला वेणी घालायची आणि फोटो काढायचा.'

आईने पेला खाली ठेवला. 'मला?'

'साऱ्या मल्लेश्वरमला घातलीस. स्वतःला कधी घातलीस?'

खरंच की. आईचं लग्न घाईत झालं, डोहाळजेवणाच्या वेळी ती आजारी, आणि नंतर ती फक्त दुसऱ्यांच्या वेण्या करत राहिली. घरात इतके फोटो, त्यात आईचा वेणीचा फोटो नाही हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

'केस कुठे आहेत माझे? उंदराच्या शेपटीवर बांधणार का वेणी?' आई फणकारली, पण कानापर्यंत लाल झाली होती.

'गंगावन लावू,' मी म्हटलं. पिशवीभर गंगावनं तिच्याच कपाटात होती.

वेणी करायला फूलवाली अक्का आणि शेजारची अक्का बसल्या. आईने नुसतं बसून राहायचं ठरलं होतं. बसते कसली! 'कळी उलटी लावलीस, सोपट जाड कापलंस, दोरा ढिला आहे.' शेवटी फूलवाल्या अक्काने तिच्या तोंडात केळं कोंबलं आणि म्हणाली, 'सरी, बस झालं. आता गप्प.' सगळ्या खो खो हसलो. अण्णाही हसले. कित्येक दिवसांनी घरात तो आवाज झाला.

अण्णा नवं धोतर नेसून आईच्या शेजारी येऊन उभे राहिले. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलेला माणूस, हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना. कधी पाठीमागे नेत, कधी पोटावर बांधत. आईने त्यांचा एक हात धरून ठेवला, तेव्हा कुठे स्वस्थ झाले.

'खुणेवर उभी आहेस ना?' त्यांनी विचारलं.

'आहे अण्णा.'

तेव्हा मी खरंच खुणेवर होते. कॅमेऱ्यातून आई दिसत होती, लाजलेली. तिची वेणी दिसत होती. अण्णा दिसत होते. सगळं अगदी त्यांनी शिकवलं तसं. आणि मला एकदम वाटलं, की नाही, मलाही यांच्यात असायचंय. मी पिवळ्या पावलांवरून बाजूला सरकले आणि बटण दाबलं.

टीव्हीवर फोटो आला. पुढे ती दोघं, आरशात आईची वेणी आणि वेणीच्या पलीकडे मी. एक डोळा मिटलेला, केस पिंजारलेले, तोंडापुढे कॅमेरा.

अण्णा जवळ जाऊन बघत राहिले. 'चुकलीस,' म्हणाले.

'नाही चुकले.'

आई घाबरून मधेच म्हणाली, 'पुसू नको हं गं बाई.'

अण्णांनी चष्मा पुसला, परत लावला आणि परत पाहिलं. मग म्हणाले, 'मोठा प्रिंट काढ. शोकेसच्या मापाचा.'

'आहे असाच?'

'मी पुसायला सांगितलं का?'

आता ते रोज सकाळी येऊन दारापाशी खुर्चीत बसतात. आरसा माझ्याकडे असतो. शोकेसमधले जुने फोटो त्यांनी स्वतः उभं राहून माझ्याकडून बाजूला सरकवून घेतले आणि मधोमध तो नवा लावला. परवा एक गृहस्थ छोट्या मुलीला घेऊन वेणीचं विचारायला आले. शोकेसपाशी थांबले, फोटो बघून, खुर्चीतल्या अण्णांना बघून हसले आणि कानडीत म्हणाले, 'हे तर तुम्हीच. छान आहे. काढला कुणी?'

मी आत आरसा पुसत होते. अण्णांची काठी काचेवर वाजली, तशी मी दाराआडून पाहिलं. ते त्या मुलीला फोटोतला आरसा दाखवत होते.

'ही इथे दिसते ना, कॅमेरा घेतलेली? ती आमची फोटोग्राफर. आत आहे, जा.'

मुलगी आहे, हे सांगायचंच ते विसरले.